अनुराधपूरला जाण्याआधी

भारतातल्या कोणाच्याही खिशात पासपोर्ट असो, मग तो मंत्र्याचा असो की आखातात गवंडीकामाला निघालेल्या मजुराचा, त्याची पुस्तिका आमच्या नाशिकरोडला छापलेली असते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हे तिचे पूर्ण नाव. आमच्या भागात नुसते 'प्रेस' म्हटले की पुरते. इंग्रजांनी १९२० च्या दशकात ती उभारली. टपाल तिकिटे, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट, व्हिसाचे स्टिकर, असे ज्यांच्यावर सरकारचा भरवसा चालतो ते कागद तेथे छापले जातात. शेजारी नोटांची प्रेस आहे.

आमचे आप्पा या प्रेसमध्ये चौतीस वर्षे कामाला होते. पाळी सुटली की गेटवर झडती, मग सायकलवर टांग. लाखो लोकांच्या प्रवासाचे कागद त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले, पण स्वतःच्या नावाचा पासपोर्ट त्यांनी काढला नाही. काढण्याचे कारणही नव्हते. आमच्या घरातला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे ६ डिसेंबरला दादर, विजयादशमीला नागपूर आणि एकदा रेल्वेने बुद्धगया-सारनाथ. आप्पा २०११ साली गेले. त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले आणि त्यातून ती दरमहा काही ना काही बाजूला टाकू लागली. कशासाठी, ते तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते.

ते कळले २४ ऑक्टोबर २०२३ रोजी. त्या दिवशी त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याला, बुद्धस्मारकाच्या आवारात, श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाच्या फांदीचे रोप लावले गेले. नाशिककरांना हा सोहळा आठवत असेल. लेण्यांवर आपण लहानपणापासून जातो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणत राहिले तरी शिलालेखात या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे आणि आत भिक्खूंसाठी कोरलेले विहार आहेत, हे आता शाळेतली पोरेही सांगतात. अशोकाची कन्या संघमित्रा बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेली. देवानंपिय तिस्स राजाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ती अनुराधपूरला लावली गेली. त्या झाडाचे लेकरू दोन हजारांहून अधिक वर्षांनी आपल्या डोंगराच्या पायथ्याला आले. आईने गर्दीतून कसेबसे दर्शन घेतले आणि परतीच्या रिक्षात शांतपणे म्हणाली, "आता याची आई पाहायची."

आम्हाला वाटले, बोलून गेली. पण तिने घरी येऊन पासबुक पुढे ठेवले.

योगायोग असा की त्याच दिवशी श्रीलंका सरकारने एक घोषणा केली होती. आर्थिक संकटातून तो देश सावरत होता, प्रवासी हवे होते. म्हणून भारत, चीन, रशिया, मलेशिया, जपान, इंडोनेशिया आणि थायलंड या सात देशांच्या लोकांना ३१ मार्च २०२४ पर्यंत पर्यटक व्हिसाचे शुल्क माफ करण्यात आले. शुल्क माफ, अर्ज नव्हे. अर्ज निघण्यापूर्वी ऑनलाईन करावाच लागणार होता. या दोन गोष्टींतला फरक पुढे आमच्या वस्तीतल्या बावीस माणसांच्या पैशांचा प्रश्न होऊन बसला. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

पण व्हिसाच्या आधी पासपोर्ट. आईचा जन्मदाखला नाही. तिच्या पिढीत आपल्या कोणाच्या घरात तो असतो? सिन्नर तालुक्यातल्या ज्या शाळेत ती तिसरीपर्यंत गेली, तेथे तिचे नाव वेगळे लागलेले. लग्नात सासरच्यांनी दुसरे ठेवले. आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. ही १ जून आपल्या समाजाची जणू सार्वजनिक जयंती आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहायचे आणि तारीख टाकून द्यायचे. त्यातून शाळेचा जुना दाखला म्हणजे जातीचा रकाना भरलेला. वस्तीतल्या जाणकारांनी सांगितले, शाळेचा दाखला आणा, नाव बदलल्याचे राजपत्र करा, लग्नाचे सर्टिफिकेट काढा, तोपर्यंत काही होणार नाही.

माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पासपोर्ट खात्याच्या वेबसाईटवर नियम वाचून काढले. डिसेंबर २०१६ मध्ये हे नियम बरेच सैल झाले आहेत. जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच हवा असे आता आईच्या वयाच्या माणसाला नाही. शाळेचा दाखला, पॅन कार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, आयुर्विम्याचा बाँड यांपैकी एक चालतो. लग्नाचा दाखला सक्तीचा नाही. बँकेच्या कामासाठी आईचे पॅन कार्ड केव्हाच काढलेले होते आणि त्यावर तिचे सासरचे, म्हणजे आज सगळे ज्या नावाने हाक मारतात ते नाव होते. राजपत्राची गरजच उरली नाही. आधारवर फक्त जन्मसाल होते, तेवढी पूर्ण तारीख करून घ्यायला दोन खेपा झाल्या. फी पंधराशे रुपये. साठ वर्षांवरच्या माणसाला दहा टक्के सूट, म्हणजे तेराशे पन्नास.

आणखी एक धास्ती घातली गेली ती 'ईसीआर'ची. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तसा शिक्का असतो आणि त्याला बाहेर जाऊ देत नाहीत, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. हे अर्धे खरे आहे. दहावी न झालेला माणूस नोकरीसाठी आखाती देश, मलेशिया वगैरे ठराविक अठरा देशांत निघाला, तर त्याला सरकारच्या परवान्याची अट आहे, आणि ती मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. फिरायला जाणाऱ्याला ती लागू नाही. श्रीलंका तर त्या यादीतच नाही. शिवाय पन्नास वर्षांवरच्या माणसाच्या पासपोर्टवर हा शिक्का लागत नाही, वयाचा पुरावा दिला की झाले. आई सदुसष्ट वर्षांची. तिसरी शिकलेल्या बाईच्या मनातून ही धास्ती काढायला मात्र मला दोन रात्री लागल्या.

नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिचा फोटो निघाला, बोटांचे ठसे घेतले. भांडी घासून आणि द्राक्षाच्या बागेत विरळणी करून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. तिसऱ्या वेळी मशीनने घेतल्या. खिडकीतल्या मुलीने "आजी, हात जरा पदराला पुसा" म्हणत धीराने काम केले. नंतर पोलिसांची चौकशी झाली आणि पंधरवड्यात पोस्टमन स्पीड पोस्टाचे पाकीट घेऊन दारात उभा राहिला. प्रेस आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर. तेथून ती कोरी पुस्तिका पासपोर्ट कार्यालयात गेली असणार, तिच्यावर आईचे नाव चढले असणार, आणि ती फिरून पुन्हा नाशिकरोडला आली. आईने पहिले पान उघडले. नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व भारतीय. पुन्हा पुन्हा पाने उलटून तिने विचारले, "जात कुठे लिहिली?" कुठेच लिहिलेली नसते, धर्मही नसतो, असे मुलीने सांगितले. आईने पासपोर्ट आप्पांच्या तसबिरीपुढे ठेवला आणि स्वयंपाकाला लागली.

पासपोर्ट ही काही फार जुनी चीज नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा बहुतेक देशांत असा कागद सक्तीचा नव्हता. पहिल्या महायुद्धाने सगळ्यांना एकमेकांचा संशय शिकवला आणि हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा आला तो १९२० साली. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे सरकार म्हणायचे की पासपोर्ट देणे न देणे आमची मर्जी. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाणे हा संविधानाच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय तो अडवता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. कलम २१ आपण सभांमधून ऐकतो. ते तेराशे पन्नास रुपयांच्या पावतीत असे कामाला येते. (समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही भीती आपल्या लोकांची कधीच नव्हती, ज्यांची होती त्यांची पोरे आज सर्वांत आधी विमानात बसतात, हा भाग वेगळा.)

आता व्हिसाकडे येते. आमच्या विहारातून एका यात्रा काढणाऱ्या गृहस्थामार्फत बावीस जण जायचे ठरले. बहुतेक बचत गटातल्या बाया, चार निवृत्त पुरुष, दोन जोडपी. तिकीट, राहणे, खाणे, बस मिळून माणशी अठ्ठेचाळीस हजार रुपये. ते ठरलेले होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला की व्हिसाचे माणशी तीन हजार दोनशे वेगळे, रोख, आठ दिवसांत.

बावीस गुणिले तीन हजार दोनशे म्हणजे सत्तर हजार चारशे रुपये होतात. आमच्या गटातली एक मावशी जेल रोडला भाजीची गाडी लावते. तीन हजार दोनशे म्हणजे तिची कित्येक दिवसांची कमाई. ती उठून म्हणाली, "मग माझे नाव काढा, मी इथल्याच झाडाला पाणी घालीन." कोणी हसले नाही.

मुलीने श्रीलंकेच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाईट उघडून दाखवली. तेथे ईटीए म्हणून अर्ज असतो, प्रवासाची आगाऊ इलेक्ट्रॉनिक परवानगी. २०१२ पासून त्यांची ही पद्धत आहे. एरवी सार्क देशांच्या माणसाला त्याचे वीस डॉलर पडत, आणि त्या काळात तेही माफ होते. यात्रावाल्या भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, सरकारचे माफ असेल, आमची सर्व्हिस असते. फॉर्म चुकला तर विमानतळावरून परत पाठवतात, मग मला बोल लावू नका." सर्व्हिसचे पैसे घेणे हा काही गुन्हा नाही. पण मग त्याला सर्व्हिस म्हणा आणि तशी पावती द्या. 'व्हिसा फी' म्हणून घेता आणि ती फी माफ आहे हे सांगत नाही, याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. मी त्यांना एवढेच म्हटले की अर्ज आम्ही आमचे भरतो. "मग जबाबदारी माझी नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. बावीस माणसांच्या अठ्ठेचाळीस हजारांची जबाबदारी म्हणजे थोडकी नव्हे.

रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सतरंजीवर बसलो. एक मागून आणलेला लॅपटॉप, दोन मोबाईल, मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी. पहिला धडा तेथेच मिळाला. मोबाईलवर 'श्रीलंका व्हिसा' असे शोधले की सर्वांत वर जाहिराती येतात. वेबसाईटवर सिंह असलेला झेंडा, सरकारी वाटणारी अक्षरे, आणि अर्ज भरत गेले की शेवटी पन्नास-साठ डॉलर मागतात. फसव्याच असतात असे नाही. काही जण तुमचाच अर्ज पुढे सरकारकडे भरून देतात आणि मधले पैसे ठेवतात. काही मात्र पैसेही ठेवतात आणि पासपोर्टची माहितीही. मुलींनी सगळ्यांना पत्त्याचा शेवट पाहायला शिकवले. श्रीलंकेचे सरकारी पान असेल तर पत्ता 'डॉट गव्ह डॉट एलके' असा संपतो. एलके म्हणजे लंका, असे मावशांनी लक्षात ठेवले. अधेमधे कुठेही 'गव्ह' शब्द घुसवलेला असला आणि शेवट 'डॉट कॉम' असला तर पान बंद करायचे.

अर्जात विशेष असे काही नसते. पासपोर्टवर जे आहे तेच, तसेच उतरवायचे असते. पण 'तसेच' हाच कठीण शब्द आहे. आपण आडनाव, नाव, नवऱ्याचे नाव या क्रमाने लिहितो. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि नाव व नवऱ्याचे नाव दुसऱ्या ओळीत असते, अर्जातही तसेच दोन रकाने. एका काकांच्या पासपोर्टवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन 'ए' घालून, आधारवर एक. ते आधारप्रमाणे भरा म्हणून हटून बसले. त्यांना समजावले की परदेशात आधार कोणी पाहत नाही, पासपोर्ट बोलेल तेच खरे. पासपोर्टचा नंबर एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असा असतो. पहिले सोडून बाकी सगळे आकडेच, त्यामुळे शून्य की 'ओ' हा घोळ राहत नाही. दोन मुली वाचणार, एक भरणार आणि ज्याचा अर्ज त्याने शेवटी बोट ठेवून ताडून पाहायचे, असा नियम केला. ज्यांना इंग्रजी येत नव्हते त्यांनीही आकडे ताडून पाहिले.

जन्मतारीख भरताना बावीसपैकी नऊ जण १ जूनचे निघाले. मुली हसू लागल्या, मग आम्हीही.

'व्यवसाय' या रकान्याशी खरी चर्चा झाली. मुलीने सरसकट 'गृहिणी' टाकायला घेतले. भाजीवाली मावशी म्हणाली, "मी काय घरी बसते का? भाजी विकते ते लिही." मग सगळ्यांचेच बदलले. कोणी शिवणकाम, कोणी अंगणवाडीत मदतनीस, एक सफाई कामगार. सफाई कामगार बाईला शेजारणीने हळूच सुचवले की दुसरे काही लिही, तिकडे काय वाटेल. ती म्हणाली, "पगाराच्या स्लिपवर जे आहे तेच लिहायचे. खोटे लिहून बुद्धाच्या झाडाखाली जाऊ का?" मला वाटते त्या रविवारी धम्मावर जे काही बोलले गेले त्यात हे वाक्य सर्वांत वजनाचे होते.

पुढे कोणत्या तारखेला पोहोचणार, कोठून येणार, तिकडे राहण्याचा पत्ता (अनुराधपूरच्या यात्रेकरू निवासाचा दिला), ईमेल. ईमेल बावीस जणांपैकी पाच जणांना होता. बाकीच्यांना ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांचा दिला, म्हणजे उत्तर कोणाकडे येणार हे वहीत लिहून ठेवले. शेवटी तीन प्रश्न असतात: श्रीलंकेत राहण्याचा व्हिसा तुमच्याकडे आधीच आहे का, तुम्ही आत्ता तेथेच ईटीएवर आहात का, आणि अनेक वेळा जाण्याचा व्हिसा आहे का. तिन्हींना 'नाही'. सगळे झाल्यावर पैशाचे पान येईल म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो होतो. आले नाही. संदर्भ क्रमांक आला.

एक अडचण मात्र अर्ज भरतानाच कळली. अंगणवाडीतल्या ताईंचा पासपोर्ट जून २०२४ मध्ये संपत होता. त्यांचा मुलगा दुबईला होता तेव्हा त्यांनी तो हौसेने काढला होता आणि जायचे राहून गेले होते. पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू हवा, अशी अट असते. आम्ही फेब्रुवारीत जाणार होतो. कोरा करकरीत पासपोर्ट, एकही शिक्का नाही, आणि तो निरुपयोगी. ताईंनी रडायला सुरुवात केली. नवा पासपोर्ट तत्काळमध्ये काढायचा तर पंधराशेवर दोन हजार जादा. ते बचत गटाने बिनव्याजी दिले. नऊ दिवसांत पासपोर्ट हातात आला आणि त्यांचा अर्ज शेवटी वेगळा भरला. हे भाऊंच्या तीन हजार दोनशेमध्ये कोणी पाहिले असते का? तिकिटे काढताना त्यांनी आमच्या सगळ्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स घेतली होती, आणि ती तारीख तेव्हा त्यांच्याही समोर होती.

बहुतेकांची मंजुरी दुसऱ्या दिवशीच ईमेलवर आली. भाजीवाल्या मावशीची तीन दिवस आली नाही. ती रोज गाडी लावून झाली की आमच्या दारात येऊन उभी राहायची, विचारायची नाही, नुसती उभी राहायची. चौथ्या दिवशी तिच्या नातवाच्या मोबाईलमध्ये, जाहिरातींच्या नको असलेल्या टपालाचा जो वेगळा कप्पा असतो त्यात ते पत्र सापडले. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो, उत्तर आले नाही तर आधी तो कप्पा पाहा. प्रत्येकाच्या दोन प्रती छापून घेतल्या, एक हँडबॅगेत, एक सामानात. भाऊंना बावीस मंजुऱ्या दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, "बरे केले." पुढच्या यात्रेत त्यांनी जाहिरातीत 'व्हिसा अर्ज मदत' असा वेगळा रकाना टाकला आणि पुढे पाचशे रुपये लिहिले. त्याबद्दल त्यांचे कौतुक करायला हरकत नाही.

फेब्रुवारीत मुंबईहून निघालो. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत साहेबांनी आईला हिंदीत विचारले, कशासाठी चाललात? आई म्हणाली, "झाड पाहायला." साहेबांनी मान वर केली. मी मागच्या रांगेतून काही बोलणार तेवढ्यात आईने ईटीएचा कागद काचेखालून सरकवला. त्यांनी शिक्का मारला. त्या पासपोर्टवरचा तो पहिला शिक्का.

श्रीलंकेचे घड्याळ आणि आपले घड्याळ एकच, काटा सुद्धा हलवावा लागला नाही. प्रवासाचे वर्णन इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, मी लांबवत नाही. अनुराधपूरला तो वृक्ष उंच ओट्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा, फांद्यांना सोनेरी टेकू. माणसे पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, हातात कमळे. पान तोडायचे नाही, गळालेले मिळाले तर मिळाले. आई खाली बसली आणि त्रिसरण-पंचशील म्हणू लागली. शेजारच्या सिंहली बायांनी माना वळवल्या आणि त्याही म्हणू लागल्या. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच पालीचे. त्यांची भाषा आईला येत नव्हती, आईची त्यांना येत नव्हती. संपल्यावर त्यातल्या एकीने आईला कमळाचे फूल दिले आणि खुणेने कुठून आलात असे विचारले. आई म्हणाली, "नाशिक." मग थोडे थांबून म्हणाली, "आंबेडकर." त्या बाईला ते नाव माहीत होते. बाबासाहेब मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच देशात आले होते आणि तेथल्या अस्पृश्यांना त्यांनी बौद्ध धम्माकडे येण्याचे आवाहन केले होते, हे मी आईला रात्री सांगितले.

आता जे कोणी जायचा विचार करीत असतील त्यांच्यासाठी. आम्ही भरला तो अर्ज आणि ती माफी तशीच असेल असे धरून चालू नका. आम्ही परतल्यावर दोनच महिन्यांत, एप्रिल २०२४ मध्ये, श्रीलंकेने व्हिसाचे काम परदेशी कंपन्यांकडे दिले आणि पद्धत बदलली. तिकडच्याच लोकांनी त्याविरुद्ध ओरड केली, ऑगस्टमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था थांबवली आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस जुनी ईटीए परत आली. शुल्क केव्हा माफ, केव्हा लागू, हे तर सरकारागणिक बदलते. म्हणून तिकीट काढण्याआधी त्याच दिवशीचे सरकारी पान पाहावे, मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याचे ऐकून चालणार नाही. त्यात माझाही लेख आला. लुंबिनीला जाणाऱ्यांना मात्र व्हिसाच लागत नाही. नेपाळला आपले मतदार ओळखपत्रही चालते, आणि गोरखपूरकडून रस्त्याने जाता येते. थायलंडच्या विहारांना जायचे तर १ मे २०२५ पासून तेथे डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचे झाले आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाईन भरायचे असते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. त्याचे पैसे मागणारी पानेही अर्थातच निघाली आहेत.

आमच्या वहिनीचा पासपोर्ट सध्या घरात चर्चेत आहे. तिच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, नुसते नाव. काढताना ज्याने अर्ज भरला त्याने तसाच सोडला. आपल्यात असे पासपोर्ट पुष्कळ आहेत, कारण कित्येकांच्या बापजाद्यांच्या नावापुढे कागदावर आडनाव लागलेच नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने जाहीर केले की एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा मिळणार नाही. नंतर पासपोर्टच्या मागच्या पानावर वडिलांचे नाव असले तर चालेल, अशी सवलत दिली. वहिनीची मुलगी नोकरीसाठी दुबईला आहे, तिला बाळंतपणाला आईची गरज लागणार. मुलीने वहिनीला बसवून आडनाव लावून घेण्याचा अर्ज भरला आहे. येत्या सोमवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे, आणि आई म्हणते आहे की सोबत मी जाणार, खिडकीत कुठे उभे राहायचे ते मला माहीत आहे.